जटायूच्या जिल्ह्यातून गिधाडे कोठे गेली?

१/ इगतपुरी तालुक्यातील टाकेद येथे जटायूने प्राण सोडले, अशी नाशिक जिल्ह्यात श्रद्धा आहे. रावणाशी झुंजून पडलेल्या या पक्ष्यावर स्वतः रामाने अंत्यसंस्कार केले. मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस जटायूच्या वंशजांचा जो संहार झाला, तो एका साध्या वेदनाशामक औषधाने. त्या संहाराचा आणि त्याच्या शोधाचा हा इतिहास.

२/ गोदाकाठचे सायखेडा असो वा दख्खनचे दुसरे कोणतेही गाव, मेलेले जनावर गावाबाहेर टाकण्याची रीत सर्वत्र होती. कातडे निघाले की उरलेले गिधाडे काही तासांत फस्त करीत. या व्यवस्थेला जातीची काळी बाजूही होती. मेलेली गुरे ओढण्याचे काम महार समाजावर लादलेले होते, आणि १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले होते.

३/ गिधाडे इतकी विपुल होती की त्यांची मोजदाद करण्याची गरज कोणास वाटली नाही. धोक्याची पहिली स्पष्ट सूचना राजस्थानातील भरतपूरहून आली. तेथील केवलादेव उद्यानात गिधाडांची संख्या कोसळल्याची नोंद डॉ. विभू प्रकाश यांनी १९९९ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली.

४/ संशय प्रथम कीटकनाशके आणि संसर्गजन्य रोग यांवर गेला. कीटकनाशकांवरील संशयामागे डीडीटीचा इतिहास होता. बासेलच्या गायगी कंपनीतील पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीची कीटकनाशक शक्ती ओळखली आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. भारतात १९५३ पासून मलेरियाविरुद्ध घरोघरी त्याची फवारणी झाली. पुढे १९६६ मध्ये थेट अंटार्क्टिकातील पेंग्विनच्या शरीरात डीडीटीचे अंश सापडले.

५/ डीडीटीने एक धडा दिला होता: विष चरबीत साठते, अन्नसाखळीत वर चढते, अंड्यांचे कवच पातळ करते आणि पक्ष्यांची पिढी हळूहळू खुंटवते. भारतीय उपखंडातील गिधाडे मात्र अशी मरत नव्हती. पूर्ण वाढ झालेले पक्षी मान खाली टाकून बसत आणि काही दिवसांत झाडावरून कोसळत. शवविच्छेदनात आतड्यांवर, यकृतावर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर दिसे. म्हणजे मूत्रपिंडे निकामी झालेली.

६/ उलगडा २००४ मध्ये झाला. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील पंजाबात मृत गिधाडे तपासली. पांढरा थर असलेल्या २५ पैकी २५ पक्ष्यांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅक आढळले. थर नसलेल्या १३ पैकी एकातही नाही.

७/ डायक्लोफिनॅक म्हणजे गुडघेदुखी-कंबरदुखीवर माणसे घेतात तेच औषध. १९७० मध्ये सिबा आणि गायगी एकत्र येऊन झालेल्या सिबा-गायगी कंपनीने ते बाजारात आणले. डीडीटीही त्याच गायगीचे होते. नव्वदच्या दशकात भारतात हे स्वस्त औषध लंगडणाऱ्या बैलाला आणि ताप आलेल्या म्हशीला सर्रास टोचले जाऊ लागले.

८/ जुना धडा येथे अपुरा पडला. हे औषध साठून राहत नाही, काही दिवसांत जनावराच्या शरीरातून निघून जाते. पण इंजेक्शननंतर लगेच मेलेले जनावर गिधाडांसाठी विष ठरते. शंभरात एकाहून कमी शवांत ते असले तरी ऱ्हासास पुरेसे होते. भारतात २००४-०५ च्या पाहणीत सुमारे १० टक्के शवांत ते सापडले. एका शवावर गिधाडांचा थवा उतरतो आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते.

९/ परिणामी नव्वदच्या दशकाच्या आरंभापासून २००७ पर्यंत देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्के घटली. लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या गिधाडांची घट मिळून सुमारे ९७ टक्के होती.

१०/ उघड्यावर पडून राहिलेल्या मांसावर भटकी कुत्री पोसली गेली. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशी समाजाला सौर परावर्तक बसवावे लागले. गिधाडे नाहीशी झाल्याने २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख अधिक माणसे दगावली, असा अंदाज २०२४ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी मांडला.

११/ मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले आणि २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोहोचत राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये कुपीचे आकारमान ३ मिलीपुरते मर्यादित केले गेले. गिधाडांना घातक असलेल्या ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या औषधांवर जनावरांसाठी बंदी येण्यास २०२३ उजाडले.

१२/ आज त्र्यंबकेश्वरजवळ अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे पुन्हा पाहता येतात. हरसूलजवळ खोरीपाडा येथे त्यांच्यासाठी सुरक्षित खाद्याची सोय केली गेली. पण या इतिहासातील मूळ प्रश्न अद्याप सुटलेला नाही. औषध बैलाला सोसते का, हे पाहिले गेले होते. त्या बैलाला पुढे कोण खाणार, हे कोणी विचारले नव्हते. बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या औषधाविषयी तो प्रश्न आधी विचारला जातो की गिधाडे मेल्यानंतर, यावरच अंजनेरीच्या घरट्यांचे भवितव्य ठरेल.