अभाव कसा कळतो? लायसोझोमच्या आजारांची गोष्ट

आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. नावामागे डॉक्टर लागतं ते पीएच.डी.चं. तेव्हा नारायण पेठेत बसून मुलांच्या आजारांवर बोलायचा आम्हाला अधिकार काय, असं कुणी विचारेल. पेठेत विचारतातच. उत्तर एवढंच, की लायसोझोमच्या आजारांचा इतिहास हा ‘अभावा’चा इतिहास आहे, आणि अभाव आम्ही आयुष्यभर शिकवला.

जमिनीवर घडा नाही, हे कशावरून कळतं? भाट्ट मीमांसक म्हणतात, दिसत नाही यावरून. पण त्याला अट आहे: असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, याने काहीच सिद्ध होत नाही. ही अट आज आपल्याला पुन्हा पुन्हा लागणार आहे.

१९४९ साली बेल्जियममध्ये लूव्हाँ विद्यापीठात क्रिस्तियाँ द दुव उंदरांच्या यकृतावर काम करत होते. विषय होता इन्सुलिन. वाटेत आम्ल फॉस्फेटेज नावाचं एक एन्झाइम मोजलं, तर ते अपेक्षेच्या जेमतेम दहा टक्के भरलं. नमुना फ्रिजमध्ये ठेवून दिला. पाच दिवसांनी पुन्हा मोजला, तर एन्झाइम भरपूर! ते आधीही होतंच, पण बारीक पिशव्यांमध्ये कोंडलेलं होतं. दिवस गेले तशा पिशव्या फुटल्या. १९५५ मध्ये या पिशव्यांना लायसोझोम हे नाव मिळालं. पेशीतला टाकाऊ माल इथे तोडला जातो आणि त्यातलं कामाचं परत वापरात येतं. आपल्या गल्लीत कचरा उचलणाऱ्या ताई चार दिवस आल्या नाहीत तर जिन्याखाली काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. पेशीतही तेच होतं, फक्त ताई कधीच येत नाहीत.

हे प्रथम ओळखलं द दुव यांचेच सहकारी हेर्स यांनी, १९६३ मध्ये. योहानेस पोंप या डच डॉक्टरांनी १९३२ सालीच सात महिन्यांच्या एका मुलीचं वर्णन केलं होतं. तिचं हृदय ग्लायकोजेन साठून अवाढव्य झालं होतं. (पोंप पुढे नाझींविरुद्धच्या प्रतिकारात होते, १९४५ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या.) साठा दिसत होता, कारण दिसत नव्हतं. कारण दिसणार तरी कसं? ते म्हणजे एका एन्झाइमचं नसणं होतं. ते कुठे असायला हवं हे द दुव यांनी दाखवल्यावरच हेर्स यांना ‘नाही’ म्हणता आलं.

आता परळला येऊ. टे-सॅक्स या आजारात मूल सहाएक महिन्यांचं होईपर्यंत बरं वाटतं, मग शिकलेलं एकेक विसरू लागतं. पुस्तकांतून तो प्रामुख्याने अश्केनाझी ज्यूंचा म्हणून गाजलेला. म्हणजे आपल्याकडे तो जवळजवळ नाहीच, असं समजायला मोकळे! पण इथे दिवा कुणी लावला होता? २०१२ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये एक शोधनिबंध आला. लेखकांत अहमदाबादचे मेहुल मिस्त्री आणि जयेश शेठ, आणि परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेचे पराग ताम्हणकर. एकमेकांशी नातं नसलेल्या सहा गुजराती कुटुंबांत त्यांना एकच जनुकीय बदल सापडला. म्हणजे मागे कुठेतरी एकच पूर्वज. २०१४ मध्ये शेठ यांच्या गटाने संशयित अशा १,११० मुलांचा हिशोब मांडला. त्यांतल्या ३८७ मुलांचं निदान पक्कं झालं, तेही एकाच प्रयोगशाळेत.

‘दुर्मीळ’ हा शब्द आम्ही तेव्हापासून जपून वापरतो.

परळलाच, केईएममध्ये, ममता मुरंजन यांनी गोशे या आजाराच्या भारतातल्या मुलांवर लिहिलं आहे: निदान कसं होतं, उपचारांचं पुढे काय होतं. गोशेला औषध आहे. नसलेलं एन्झाइम शिरेतून द्यायचं, पण जन्मभर. टे-सॅक्सला तेही नाही, कारण असं एन्झाइम रक्तातून मेंदूत पोचत नाही. २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण आलं, केईएम त्यातलं एक केंद्र झालं, आणि २०२२ मध्ये मदतीची मर्यादा प्रत्येक रुग्णामागे पन्नास लाख झाली. रक्कम मोठी वाटते. पण औषधाची मात्रा किलोवर ठरते. मूल सुधारलं, जेवू लागलं, वीस किलोचं चाळीस किलो झालं, की औषध दुप्पट लागतं. पन्नास लाख मात्र तेवढेच.