बांगडी आणि ताईत : एक ऐतिहासिक मागोवा



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परंतु इतिहास आपल्या मनगटावर आणि दंडावरही असतो. आईच्या हातातील काचेची बांगडी, तान्ह्या बाळाच्या काळ्या मण्यांच्या मनगट्या, दंडाला बांधलेला ताईत या वस्तू आपण रोज पाहतो. त्यांच्यामागे काय दडले आहे, हे थोडक्यात सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

बांगडी फार प्राचीन आहे. मोहेंजोदडो येथे १९२६ साली नर्तिकेची कांस्यमूर्ती सापडली. उंची जेमतेम चार इंच; पण डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला आहे. आपला मराठवाडाही यात मागे नाही. तेर आणि भोकरदन ही सातवाहनकाळातील नामांकित व्यापारी गावे. दोन्ही ठिकाणी हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाल्या आहेत. त्यांच्याशी साम्य असलेली, हातभर कंकणे ल्यालेली एक भारतीय मूर्ती १९३८ साली थेट इटलीतील पॉम्पेई येथे सापडली. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात आपल्या देशातील कारागिरी त्याआधीच पोहोचली होती!

कडे हा केवळ स्त्रियांचा दागिना नव्हता. ते सत्तेचेही चिन्ह होते. हजरत मूसा (अलैहिस्सलाम) खरे पैगंबर असतील तर त्यांना सोन्याची कडी का मिळाली नाहीत, असा फिरऔनचा सवाल कुरआन शरीफमधील सूरह जुख्रुफमध्ये आला आहे. आज मात्र भित्र्या माणसाला “हातात बांगड्या भर” असे हिणवले जाते. असे बोलणाऱ्याने शेजारच्या अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) इतिहास वाचावा. १५९५-९६ साली मोगल फौजेच्या वेढ्यात तो किल्ला लढवला तो चांदबीबी या स्त्रीने.

आता आपल्या घराजवळ येऊ. बांगडीच्या व्यापारात आपल्याकडे कासारांबरोबर मणियार समाजाचे स्थान मोठे आहे. १९४८ पर्यंत आपला बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. त्या हैदराबादच्या चारमिनारजवळील लाड बाजार लाखेच्या बांगड्यांसाठी आजही प्रसिद्ध आहे. या बांगड्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. लग्नघरी हिंदू वधूचा हिरवा चुडा मुसलमान मणियाराने भरावा, ही आपल्या खेड्यांची जुनी रीत. परक्या पुरुषाच्या हाती निःसंकोचपणे हात देण्याइतका विश्वास त्यामागे होता. बांगडी ‘फुटली’ असे न म्हणता ‘वाढली’ म्हणण्याची आपल्या भाषेची नजाकतही येथलीच.

पण याच बांगडीने स्त्रीला दुःखही दिले. पती वारला की तिच्या बांगड्या फोडल्या जात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. एका गावाने ठरवले तर रूढी बदलते, हा त्यातील धडा आहे.

आता ताईताकडे वळू. मराठीतील ‘ताईत’ हा शब्द अरबी ‘तावीज’वरून आला. त्याच्या मुळाशी ‘आश्रय मागणे’ हा अर्थ आहे. ‘अऊजु बिल्लाह’ हे शब्दही त्याच धातूचे. मराठीने हा शब्द इतका आपलासा केला की लाडक्या माणसाला आपण ‘गळ्यातला ताईत’ म्हणतो. प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडाला नाणे बांधण्याची ‘इमाम जामिन’ची रीतही अशीच. सुखरूप पोहोचल्यावर ते पैसे गरिबाला द्यायचे. घरच्यांची काळजी आणि खैरात, दोन्ही एका कापडाच्या पट्टीत!

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. इब्ने माजाच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. दुखण्यावर उपाय म्हणून हातात पितळेचे कडे घातलेल्या माणसाला पैगंबर साहेबांनी ते काढून टाकण्यास सांगितले. त्याने अशक्तपणाच वाढेल, असे बजावले. कुरआनच्या आयती लिहिलेल्या ताविजाबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. पण आजारावर औषध घ्यावे, ही शिकवण सर्वमान्य आहे. देशाचा कायदाही तेच सांगतो. १९५४ च्या कायद्याने ताईताने रोग बरा होतो अशा जाहिरातींना आळा घातला. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे.

पालकहो, आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे उसाच्या फडात आणि शेतात राबतात. तेथे सर्पदंशाचे भय रोजचे आहे. अशा वेळी दोरा शोधण्यात गेलेली घटका जीव घेऊ शकते. प्रतिविषाची लस दवाखान्यातच मिळते. परीक्षेचेही तसेच. ताईत बांधणाऱ्या आईची माया खरी असते, पण उत्तरपत्रिका मुलालाच लिहावी लागते.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, बांगडीतील कला जपा, मणियाराचा व्यवसाय सन्मानाने पाहा, ताईतामागची माया ओळखा. पण आजारात दवाखान्याचा आणि आयुष्यात विद्येचा आधार घ्या. आणि मुलींनो, बांगड्या हौसेने ल्या. मात्र त्याच हातातील लेखणी कधी खाली ठेवू नका.