सामोआचा शंख आणि गावाचा हुकूम

पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर शंखाच्या तुतारीला ‘पू’ म्हणतात. भरतमुनींच्या वर्गीकरणात तिची गणना सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांत होईल. पण तिच्यावर कोणी गाणे वाजवीत नाही. ती केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून वाजते हे पाहिले, तर तिचे खरे स्थान गावाच्या कारभारात सापडते.

रचना : पू प्रामुख्याने ट्रायटन या मोठ्या समुद्री गोगलगाईच्या कवचाची करतात. हे कवच सुमारे अर्धा मीटर लांब होऊ शकते. आपल्या देवघरातला शंख टोक कापून फुंकतात. ट्रायटनला मात्र शेंड्याजवळ बाजूने भोक पाडून त्याला ओठ लावतात. ओठांच्या कंपनाने आतली हवा थरथरते आणि वळणे घेत रुंदावणाऱ्या पोकळीतून भरदार सूर उमटतो. बासरीसारखी बोटांची भोके नसल्याने सुरांची निवड फारशी करता येत नाही. आवाज मात्र लांबवर पोचतो. संकेताला एवढेच पुरते.

उपयोग : पहिला उपयोग समुद्रावरचा. नजरेआडच्या होड्यांना आणि किनाऱ्यावरच्या माणसांना इशारा देण्यासाठी शंख फुंकत. दुसरा सभेचा. कुळांचे पदवीधारक प्रमुख, म्हणजे ‘मताइ’, ज्या ग्रामसभेत बसतात ती ‘फोनो’. तिचे बोलावणे शंखाने जाई. तिसरा, आणि सर्वांत बोलका, ‘सा’चा. या शब्दात पवित्र आणि निषिद्ध हे दोन्ही अर्थ सामावले आहेत. आपले ‘सोवळे’ त्याच्या बरेच जवळचे. 1830 मध्ये जॉन विल्यम्स हा मिशनरी सवाई बेटावर उतरला आणि पुढे ख्रिस्ती उपासना घरोघरी रुजली. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेची वेळ ‘सा’ ठरली. पहिल्या नादाला घरी परतायचे, दुसऱ्याला प्रार्थनेस बसायचे, तिसऱ्याला मोकळे व्हायचे, अशी रीत पडली. मधल्या वेळात ‘आउमांगा’, म्हणजे पदवी नसलेल्या पुरुषांचा गट, रस्त्यावर पहारा देतो. नियम मोडणाऱ्याला फोनो दंड करते.

निष्कर्ष : नाद एकच, अर्थ तीन. अर्थ ठरतो तो वेळेवरून, ठिकाणावरून आणि फुंकणाऱ्यामागच्या अधिकारावरून. भर दुपारी पोराने तोच शंख फुंकला, तर गाव हातचे काम सोडणार नाही.

याचा पडताळा आजच्या बदलात मिळतो. कित्येक गावांत आता शंखाऐवजी घंटा वाजते, किंवा टांगलेल्या रिकाम्या गॅस सिलिंडरवर ठोके पडतात. म्हणजे सुषिराची जागा ठोक्याने वाजणाऱ्या घनवाद्याने घेतली. फोनोचा अधिकार मात्र टिकला. 1990 च्या कायद्याने त्याला सरकारी मान्यताही दिली. म्हणूनच सिलिंडरवर ठोका पडला तरी सांजवेळी रस्ता पूर्वीसारखाच रिकामा होतो.