ती चिंच इंडिका

ज्यांनी शाळेत ‘रामः रामौ रामाः’ घोकलं, त्यांनी लॅटिनला भिऊ नये. परभणीला 1972 साली कृषी विद्यापीठ झालं, तेव्हापासून तिथली पोरं नांगर चालवोत न चालवोत, लॅटिन विशेषणं चालवताहेत. त्यातलं लाडकं विशेषण ‘इंडिकस’, म्हणजे भारतीय. चालवायची रीत घरचीच : काळा-काळी-काळं, तसं इंडिकस-इंडिका-इंडिकम. साहेबाला ही तीन लिंगं पाठ करावी लागतात. आपण ती पाळण्यात शिकतो. विभक्तीत मात्र मराठी शहाणी. एक ‘काळ्या’ म्हणून मोकळी होते. लॅटिनात इंडिकी, इंडिको, इंडिकम अशी वरातच निघते.

आता घोटाळा बघा. तीळ ‘सेसामम इंडिकम’ : नाम नपुंसक, विशेषणही नपुंसक, तक्रार नाही. चिंच मात्र ‘टॅमरिंडस इंडिका’. नाव धोतरातलं आणि विशेषण लुगड्यातलं! कारण रोमन लोकांच्या लेखी झाड म्हणजे बहुधा बाईच, मग नावाची शेपटी काही का असेना. आपणही ‘ती चिंच’च म्हणतो, तेवढ्यापुरतं रोमचं आणि परभणीचं जमतं. (टाटांनी 1998 साली ‘इंडिका’ आणली. गाडी स्त्रीलिंगीच, तेव्हा व्याकरण शाबूत.)

खरी गंमत अर्थात आहे. अरबांनी चिंचेला ‘तम्र हिंदी’ म्हटलं, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. त्याचंच टॅमरिंडस झालं. 1753 साली लिनियसने त्याला इंडिका जोडलं. हे गृहस्थ स्वीडनचे; हिंदुस्थानात कधी पाऊल टाकलं नाही. म्हणजे नाव झालं ‘हिंदुस्थानी हिंदुस्थानचा खजूर’. आणि एवढा दुहेरी दाखला मिळवून बसलेलं हे झाड मूळचं आफ्रिकेचं!

उलट आपला गावरानी कापूस. निजामाच्या राज्यात परभणी-नांदेडच्या काळ्या रानात तो पिकायचा. त्याची जात याच उपखंडात माणसाळलेली. तिला लिनियसने काय नाव द्यावं? ‘आर्बोरियम’, झाडासारखं. आमच्या रानातलं ते वर्षाकाठी उपटून टाकायचं झुडूप, आणि म्हणे झाडासारखं! पुढे संशोधकांनी या जातीचे पोटगट पाडले तेव्हा एकाच्या वाट्याला ‘इंडिकम’ आलं. पण ते काही बारशाचं नाव नव्हे. मग मूळच्या मेक्सिकोकडच्या ‘हिर्सुटम’ने, म्हणजे केसाळाने, हातपाय पसरले. 2002 साली त्याचंच बीटी बियाणं आलं आणि गावरानी रानातून उठला. विद्यापीठात देशी वाणांवर काम होत राहिलं, हे खरं. पण मृगाच्या तोंडावर दुकानात जावं, तर पाकीट बहुतेक केसाळाचंच हातात पडतं.