हरिपूरची पेवं आणि हळदीचा भाव

कृष्णा आणि वारणा एकमेकींना मिळतात त्या संगमावर, सांगलीला अगदी लागून, हरिपूर आहे. नाट्यरसिक या गावाला गोविंद बल्लाळ देवलांचं गाव म्हणून ओळखतात. हळदीच्या पेठेत मात्र त्याचा लौकिक जमिनीवर दिसतच नव्हता. तो होता गावाच्या पोटात, पेवांमध्ये म्हणजे जमिनीत खणलेल्या कोठारांमध्ये.

देशावर जोंधळ्याची पेवं पूर्वी गावोगाव होती. हरिपूरकरांनी तीच युक्ती हळदीला लावली. इथली माती चिकण, घट्ट. पाणी सहजासहजी आत शिरू देत नाही. वीस-पंचवीस फूट खोल खणायचं, तोंड एक माणूस उतरेल एवढंच ठेवायचं आणि खाली पोट रुंद करत न्यायचं. तळाला आणि भिंतींना वाळका पाला, गवत, चटया यांचं जाड अस्तर द्यायचं, हळकुंडं भरायची आणि तोंडावर फरशी ठेवून ते मातीने लिंपून टाकायचं. आत हवा राहत नाही, त्यामुळे कीड जगत नाही. हळद वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ राहते आणि रंग उतरत नाही.

पेव उघडणं हे भरण्यापेक्षा जोखमीचं काम. झाकण काढलं की लगेच कोणी उतरत नसे. आत साठलेला वायू जाऊ द्यायचा, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत विझली तर आणखी थांबायचं, तेवती राहिली तर हमाल उतरणार. उतरण्याची घाई केल्याने जीव गेल्याच्या गोष्टी त्या भागात आजही सांगितल्या जातात. हळदीच्या भावाचा इतिहास लिहिताना हा कंदील सहसा कुणाला आठवत नाही.

चिंतामणराव पटवर्धनांनी 1801 मध्ये मिरजेपासून वेगळं होऊन सांगलीला राजधानी केली आणि गणपती मंदिराच्या आसऱ्याने पेठ वाढली. पुढे सातारा, कर्नाटकाचा सीमाभाग आणि थेट निझामाबादकडचाही माल इथे येऊ लागला. राजापुरी हळदीचा भाव सांगलीत निघायचा आणि देशभरच्या पेठा तो विचारायच्या. हळदीचे वायदेही इथे होत. त्यासाठी ‘स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज’ ही स्वतंत्र संस्था सांगलीत होती. माल हरिपूरच्या जमिनीखाली निवांत पडलेला असायचा आणि वर पेठेत त्याच्या पुढच्या महिन्यांच्या किमतीवर बोली चाललेली असायची.

आता प्रश्न असा की भाव चढेपर्यंत माल ठेवून थांबण्याची ही सोय नेमकी कुणाची होती? मुख्यतः व्यापाऱ्यांची. हळद हे नऊ महिन्यांचं पीक. वैशाख-ज्येष्ठात लावण, पौष-माघापासून काढणी. एकरी आठ-दहा क्विंटल बेणं घालावं लागतं, म्हणजे खर्चाचा मोठा वाटा पहिल्याच दिवशी जमिनीत जातो. काढल्यावर काहिलीत शिजवायची, उन्हात पंधरवडाभर वाळवायची, ढोलात घोळून पॉलिश करायची, तेव्हा कुठे ती बाजारात न्यायची होते. तोवर अडत्याची उचल, सोसायटीचं कर्ज आणि मजुरी दारात उभी असते. फेब्रुवारी ते एप्रिल आवकेचा जोर, आणि भाव नेमका तेव्हाच दबलेला. शेतकरी विकून मोकळा व्हायचा. घेतलेला माल पेवात जायचा आणि भाव चढला की बाहेर यायचा. यात व्यापाऱ्याची लबाडीच होती असं म्हणणं सोपं आहे, पण अपुरं आहे. दोन वर्षं पैसा अडकवून बसण्याची जोखीम तोही घेत होता. फक्त ती घेण्याची ऐपत त्याच्याकडे होती.

तेजी-मंदीचा फेरा किती निर्दय असतो हे 2010 नंतर पुन्हा दिसलं. 2010 च्या अखेरीस हळद क्विंटलला पंधरा हजारांच्या वर गेली. ज्यांनी कधी लावली नव्हती त्यांनीही बेणं शोधलं. 2009–10 मध्ये देशाचं उत्पादन सुमारे 8 लाख टन होतं. 2011–12 मध्ये ते साडेअकरा लाखांच्या पुढे गेलं. 2012 च्या उन्हाळ्यात भाव चार हजारांच्या आसपास आला. लावणीच्या दिवशीचा भाव पाहून पीक ठरवलं, तर विकायच्या वेळी तो भाव राहिलेला नसतो. बेणंही तेजीतच घेतलेलं असल्याने मार दुहेरी बसतो.

पेवांचा शेवट मात्र बाजाराने नाही, नदीने केला. 2005 च्या महापुरात पाणी हरिपुरात शिरलं, माल भिजला आणि असंख्य पेवं निकामी झाली. नव्याने खणण्याचा उत्साह राहिला नाही. माल गोदामांत आणि शीतगृहांत गेला. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा या साठवणुकीचाही गौरव झाला, पण तोवर पेवं बरीचशी आठवणीतच उरली होती. लागवडीचा जोरही सरकला आणि हिंगोली-वसमतचा पट्टा पुढे आला.

शेतकऱ्याच्या हातात थांबण्याची ताकद देणारी गोष्ट कागदावर आहे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990–91 पासून चालू आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के व्याजाने घ्यायचं आणि सहा महिन्यांत भाव पाहून विकायचं. हळदही त्यात बसते. ज्याने यंदा बेणं टाकलंय, त्याने माल निघायची वाट न पाहता आपल्या बाजार समितीत ही योजना खरोखर चालते का आणि गोदामात जागा आहे का, हे आधीच विचारून घ्यावं.