परटिणीची यादी

आमच्या आजोळच्या देवघरात तांबड्या खारव्याच्या रुमालात बांधलेली शिवलीलामृताची एक पोथी असे. आडवी सुटी पाने, दोन्ही अंगांस ओढलेल्या काळ्या दुहेरी रेघा, आणि त्यांच्या मध्ये बोरूच्या वळणाची ठसठशीत बाळबोध अक्षरे. ओळीच्या शेवटी जागा अपुरी पडल्यामुळे ती अक्षरे किंचित आकसलेली, आणि एखादे गळलेले अक्षर काकपद देऊन मागाहून समासात भरलेले. ही पोथी कुणा पूर्वजाने हाताने लिहिली आहे, अशी माझी बालपणीची समजूत होती, आणि ती शेजारच्या घरी पारायणाला बसलो असता एके दिवशी ढळली. कारण त्यांच्या पोथीतही अकराव्या अध्यायात, त्याच पानावर, त्याच ओळीपाशी तेच अक्षर तसेच समासात भरलेले होते. एकाच लेखकाने दोन पोथ्या लिहिल्या हे समजण्याजोगे होते. पण दोन्हींत तेच अक्षर त्याच जागी गाळावे, हे बालबुद्धीलाही पटेना. "अरे, ती शिळाछाप आहे," असे आजोबांनी सांगितले, आणि तो शब्द तेव्हापासून मनात घर करून राहिला.

हस्तलिखिताचे रूप ज्यात जसेच्या तसे राहते आणि तरीही ज्याच्या शेकडो प्रती निघतात, अशा या विद्येने गेल्या दोन शतकांत आपल्या घरात पोथी आणली, पंचांग आणले, देवादिकांच्या तसबिरी आणल्या. आणि तिचा उगम शोधीत गेले असता आपण जाऊन पोहोचतो ते १७९६ सालच्या म्युनिक शहरातील एका गरीब घराच्या उंबरठ्यावर, जिथे धुण्याचे कपडे न्यावयास आलेली परटीण यादीची वाट पाहत उभी आहे.

त्या घरचा कर्ता मुलगा आलोईस सेनेफेल्डर हा १७७१ मध्ये प्राग येथे जन्मला. वडील नट होते. मुलाने कायद्याचे अध्ययन करावे या हेतूने त्यांनी त्याला इंगोलश्टाट येथील विद्यापीठात धाडले होते. परंतु १७९१ च्या सुमारास वडिलांचे निधन होऊन कुटुंबाचा भार अंगावर पडल्यामुळे त्याला अध्ययन अर्ध्यावर सोडावे लागले. नाटके लिहून चरितार्थ चालविण्याचा त्याने प्रयत्न केला, पण छपाईचा खर्च वजा जाता हाती उरणारी रक्कम इतकी तुटपुंजी असे, की आपली पुस्तके आपणच छापावीत याखेरीज त्याला दुसरी वाट दिसेना. खिळे आणि यंत्र विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे लिहून ती तेजाबाने कोरण्याचा अभ्यास त्याने आरंभिला. आणि तांबे महाग पडते, घासून घासून झिजते, असा अनुभव आल्यावर, त्या प्रांतात फरशीसाठी वापरल्या जाणाऱ्या केल्हाइमच्या गुळगुळीत चुनखडी दगडावर तो गिरवू लागला. दगड स्वस्त होता आणि पुनःपुन्हा घासून वापरता येत होता, एवढाच काय तो त्याचा गुण तेव्हा त्याला माहीत होता.

असाच एक दगड घासून तो नुकताच तयार करून ठेवीत होता, तोच आईने त्याला परटिणीसाठी कपड्यांची यादी करावयास सांगितले. घरातला कागद नमुन्याचे छाप काढण्यात संपलेला, दौतीतली शाई सुकलेली आणि दाराशी बाई खोळंबलेली. तेव्हा मागाहून कागद आणून उतरून घेऊ या विचाराने, मेण, साबण आणि काजळी यांची जी शाई त्याने कोरीव कामासाठी घोटली होती, तिने त्याने ती यादी त्या दगडावरच लिहून टाकली. लिहिलेले पुसण्यासाठी हात पुढे केला असता मनात आले, की या अक्षरांवर तेजाब ओतून पाहिले तर? दगडाभोवती मेणाचा बांध घालून पाणी मिसळलेले तेजाब सुमारे ५ मिनिटे त्याने त्यावर राहू दिले. शाईखालचा दगड शाबूत राहिला, भोवतालचा खाल्ला गेला, आणि कपड्यांची यादी जाड कागदाच्या उंचीइतकी वर उठून दिसू लागली. ही हकीकत त्याने स्वतःच १८१८ मध्ये म्युनिक येथे प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवली आहे.

या प्रसंगाला योगायोग म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. परंतु दगड घासून तयार होता तो दारिद्र्यामुळे, शाई घोटून तयार होती ती कित्येक महिन्यांच्या खटपटीमुळे, आणि कागद नव्हता तोही त्याच खटपटीत खर्ची पडल्यामुळे. पुढची वाटही सुखाची नव्हती. छापयंत्रासाठी भांडवल उभे करावे म्हणून दुसऱ्या एका गृहस्थाच्या बदली तोफखान्यात शिपाई होण्यास, आणि त्यापोटी २०० गुल्डन घेण्यास, तो इंगोलश्टाटला गेला. पण जन्म प्रागचा, म्हणजे परमुलखातला, या कारणास्तव त्याला नाकारण्यात आले. सैन्याचा तो दरवाजा बंद झाल्यावर संगीताच्या छापील स्वरलिपीची एक गचाळ प्रत त्याच्या पाहण्यात आली, आणि दरबारी संगीतकार फ्रान्झ ग्लाइसनर याच्या भागीदारीत त्याने गाण्यांची पुस्तके दगडावरून छापण्यास प्रारंभ केला.

खरा शोध आला तो १७९८ मध्ये. गोंदाच्या पाण्यात भिजविलेल्या जुन्या छापील कागदावर तेलकट शाई घातली, तर ती कोऱ्या जागेला न चिकटता छापलेल्या अक्षरांनाच तेवढी धरून राहते, असे त्याच्या ध्यानात आले. आणि कागदाचा हा गुण त्या दगडातही आहे असे आढळताच दगड कोरण्याची आवश्यकताच संपली. आपल्या स्वयंपाकघरातील कोणतीही गृहिणी तेल आणि पाणी एकजीव होत नाहीत हे जाणते. त्या साध्या जाणिवेवर ही सारी विद्या उभी आहे. प्रथम शिळेचा पृष्ठभाग सपाट व्हावा म्हणून दोन शिळा वाळू आणि पाणी घालून एकमेकींवर घासतात. मग स्निग्ध शाईने शिळेवर लिहावयाचे, गोंद आणि सौम्य तेजाब यांचा हात फिरवून ते लिखाण पक्के करावयाचे, आणि ओल्या स्पंजाने शिळा पुसून तिच्यावर शाईचा रूळ फिरवावयाचा. जिथे अक्षर आहे तिथे शिळा पाणी झिडकारते आणि शाई घेते. जिथे अक्षर नाही तिथे पाणी धरते आणि शाई झिडकारते. वर कागद ठेवून दाब दिला की छाप उमटला. पुन्हा पाणी, पुन्हा शाई, पुन्हा कागद. शिळेला हात लावून पाहिले तर पृष्ठभाग सपाटच लागतो. उंच नाही, खोल नाही. शिवाय विशिष्ट कागदावर सुलट लिहून तो मजकूर शिळेवर उलटा उतरविण्याची युक्तीही सेनेफेल्डरनेच सिद्ध केल्यामुळे लेखकाला उलटे लिहिण्याची तपश्चर्या करावी लागत नाही.

या कामास सर्वांत उत्तम शिळा बव्हेरियातील सोल्नहोफेनच्या खाणींतली, आणि ती जगभर रवाना होऊ लागली. अतिप्राचीन काळच्या खाऱ्या पाण्याच्या तळाशी जमलेल्या गाळाचा तो दगड इतका सूक्ष्म कणांचा, की त्याच्या थरांत पिसाचा ठसाही स्पष्ट उमटून राहिला आहे. १८६१ मध्ये तेथे सापडलेल्या आदिपक्ष्याचे शास्त्रीय नामकरण करताना 'लिथोग्राफिका' हे पद जोडण्यात आले, ते या छापाच्या शिळेमुळेच.

मुंबईत ही विद्या येऊन रुजली तीही एका साधनहीन मनुष्याच्या हातून. भंडारी समाजात जन्मलेले गणपत कृष्णाजी हे अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामास होते. तेथील कृती पाहून पाहून त्यांनी घरीच एक लाकडी यंत्र सिद्ध केले, शिळेचे तुकडे पैदा केले, शाई स्वतः बनविली, आणि शके १७५३ चे, म्हणजे इसवी सन १८३१ चे मराठी पंचांग छापून बाहेर काढले. तोपर्यंत गावोगावचे जोशी पंचांगाच्या नकला हाताने उतरून घेत. आता तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही कुणाही गृहस्थाच्या हाती पडू लागली. छापाच्या शाईत जनावराची चरबी असेल या शंकेने सोवळी मंडळी छापील ग्रंथाला शिवण्यास कचरत, म्हणून गणपत कृष्णाजींनी धर्मग्रंथांसाठी तुपातली शाई वापरली अशी नोंद आहे. छापाच्या शाईला स्निग्ध द्रव्य लागतेच. ते त्यांनी गाईगुरांच्या चरबीऐवजी दुधातून घेतले, आणि शास्त्र व सोवळे या दोहोंचे समाधान एका पदार्थाने केले. लोकांच्या श्रद्धेचा मान राखून त्यांच्या हाती नवी वस्तू देणाऱ्या या कारागिराविषयी मला मनापासून आदर वाटतो.

शिळाछाप आपल्याकडे जोमाने फैलावला याचे आणखी एक कारण आपल्या लिपीत आहे. रोमन लिपीचे काम थोड्या खिळ्यांत भागते. बाळबोधीची जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या आणि रफार यांसाठी खिळ्यांचे शेकडो प्रकार ओतावे लागत, आणि मोडीच्या धावत्या जोडणीपुढे तर ओतारीही हात टेकीत. शिळेला या कशाचीच अडचण नव्हती. हाताने जे लिहिता येते ते शिळेवरून छापता येते. त्यामुळे अक्षराचे वळण ज्यांचे उपजीविकेचे साधन होते, त्या पोथ्या लिहिणाऱ्या लेखकांना छापखान्याने देशोधडीला लावण्याऐवजी काही काळ पदरी ठेवले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे देखणे खिळे प्रचारात येऊन शिळाछाप ग्रंथांची पीछेहाट होईपर्यंत मराठी वाचकाला छापील पानातही माणसाचा हात दिसत राहिला.

ग्रंथांतून निघालेली शिळा मग चित्रांकडे वळली. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी १८७८ मध्ये पुण्यास चित्रशाळा स्थापन केली, आणि तेथून निघालेली रामपंचायतनासारखी चित्रे घरोघर लागली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी जर्मनीहून यंत्रे व तंत्रज्ञ आणवून मुंबईत छापखाना काढला. प्लेगने मुंबई हवालदिल झालेल्या त्या काळात, १८९९ मध्ये, तो लोणावळ्याजवळ मळवलीस हलविण्यात आला, आणि थोड्याच वर्षांत त्याची मालकी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेली. एका चित्राला प्रत्येक रंगाची निराळी शिळा लागे, आणि एक रंग केसभर जरी सरकला तरी लक्ष्मीचा ओठ हनुवटीवर उतरे. अशा शिळांमागून शिळांखालून निघून ती कमलासना देवी शेतकऱ्याच्या, गिरणीकामगाराच्या, आणि देवळाची पायरीही ज्यांना वर्ज्य होती त्यांच्याही भिंतीवर येऊन उभी राहिली. शिळाछापाच्या याच कामात हात मुरलेले दादासाहेब फाळके पुढे १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट घेऊन आले.

आता शिळा गेल्या. त्यांच्या जागी धातूचे पातळ पत्रे आले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आयरा रुबेल या अमेरिकन मुद्रकाच्या यंत्रात एकदा कागद घालावयाचा राहून रबरी रुळावर छाप उमटला व त्या रुळावरून तो पुढच्या कागदावर अधिक सुबक उतरला, तेव्हापासून ऑफसेटची पद्धत रूढ झाली. परंतु आजचे वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तक, लग्नपत्रिका यांपैकी बहुतेक सारे ज्या पत्र्यावरून छापले जाते, तो पत्रा अजूनही एका जागी पाणी धरतो आणि दुसऱ्या जागी शाई; सेनेफेल्डरचा कायदा बदललेला नाही.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेली दिनदर्शिकाही त्याच कायद्याने छापलेली आहे. तिच्यात एकादशी, संकष्टी, अमावास्या आहेत, म्हणजे गणपत कृष्णाजींचे पंचांग आहे. वरच्या अंगास रविवर्म्याच्या वळणाची लक्ष्मी आहे. आणि तारखांच्या चौकोनांत, आमच्या घरच्या माणसांच्या हातच्या बारीक पेन्सिलीने, कुठे दुधाचा आकडा, कुठे 'इस्त्री : शर्ट ४, साड्या २' असे लिहिलेले आहे. कागद हाताशी नव्हता म्हणून त्या मुलाने कपड्यांची यादी शिळेवर लिहिली, आणि शिळेने त्याच्या बदल्यात इतका कागद घरोघर पोहोचविला, की आता इस्त्रीवाला दाराशी आला असता आम्हांला यादी लिहावयास जागा शोधावी लागत नाही.