घरातील ध्वनिमुद्रण : सुटे यंत्र आणि संगणक



खानदेशात आज घरच्या घरी गाणी ध्वनिमुद्रित करणारे तरुण पुष्कळ झाले आहेत. अहिराणी गाण्यांचे जे नवे पीक आले आहे, त्यातील कितीतरी गाणी मुंबई-पुण्याच्या मोठ्या स्टुडिओत न जाता लहानशा खोलीत तयार होतात. या तरुणांपुढे पहिला प्रश्न येतो तो खरेदीचा. ध्वनिमुद्रणापुरतेच बनविलेले सुटे यंत्र घ्यावे, की घरात असलेल्या संगणकाला मायक्रोफोन जोडून काम भागवावे? दुकानदार याचे उत्तर किमतीच्या भाषेत देतो व जाणकार आवाजाच्या गुणवत्तेच्या भाषेत. मी कामगार चळवळीतला माणूस. शाळेचे शिक्षण थोडे. जे कळते ते संघटनेच्या कामातून आणि वाचनालयात बसून मिळविलेले. यंत्र समोर आले की माझ्यासारख्याला आधी एक प्रश्न सुचतो : हे चालविणार कोण, आणि यातून निघालेला माल कोणाच्या ताब्यात राहणार? आवाज टिपणाऱ्या यंत्रांचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास या प्रश्नाच्या उजेडात पाहिला, तर आजची निवड पुष्कळ सोपी होते.

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला. पुढे त्यावर मेणाच्या नळ्या आल्या. या यंत्राचा एक गुण आज आपण विसरलो आहोत. ज्या यंत्रावर गाणे ऐकावयाचे त्याच यंत्रावर ते मुद्रितही करता येत असे, आणि मेणाचा थर तासून तीच नळी पुन्हा वापरता येई. म्हणजे घरात ध्वनिमुद्रण करण्याची सोय अगदी आरंभापासून होती. १८९० साली अमेरिकेत फ्यूक्स नावाच्या संशोधकाने असले यंत्र नेऊन तेथील मूळ रहिवाशांची गाणी मुद्रित केली.

परंतु मेणाच्या नळीच्या हजारो प्रती काढणे अवघड होते. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये ग्रामोफोनचे पेटंट घेतले आणि सपाट तबकडीचा मार्ग खुला केला. एका साच्यावरून हवी तितकी प्रत काढता येऊ लागली. माल स्वस्त झाला, घरोघर गेला. पण घरातल्या ग्रामोफोनवर गाणे केवळ ऐकता येई, मुद्रित करता येत नसे. मुद्रणाचे यंत्र कंपनीकडे राहिले. अमळनेर, धुळे, जळगाव येथील कापडगिरण्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको. कापड स्वस्त झाले. माग मात्र विणकराच्या घरातून गेला.

हिंदुस्थानात तबकडीसाठी मुद्रण १९०२ साली सुरू झाले. फ्रेड गायसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास उतरला व तेथे त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापण्यासाठी मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हरला जात. तिकडच्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावे म्हणून गायक-गायिका गाण्याच्या शेवटी आपले नाव मोठ्याने सांगत. जुन्या तबकड्यांवर ती नावे आजही ऐकू येतात. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदा येथे छपाईचा कारखाना निघाला आणि हा प्रवास वाचला. तरीही कोणाचे गाणे मुद्रित व्हावे हे ठरविणार कंपनी, आणि गाणे किती लांब असावे हे ठरविणार तबकडी. एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत. तासभर रंगणारा ख्याल आणि रात्रभर चालणारा पोवाडा यांना त्या मापात बसावे लागले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. फोनोग्राफ निघून तीन वर्षे झाली तेव्हा, १८८० मध्ये, असोद्यास बहिणाबाईंचा जन्म झाला. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या जळगावी वारल्या. या एकाहत्तर वर्षांत मेणाच्या नळ्या येऊन गेल्या, तबकड्या आल्या, १९२५ च्या सुमारास विजेच्या मायक्रोफोनवर मुद्रण होऊ लागले, १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात चुंबकीय फितीचे यंत्र लोकांनी पाहिले. एवढे सगळे जगात झाले. पण जात्यावर आणि शेतात गाणाऱ्या या अक्षरशत्रू म्हणवल्या जाणाऱ्या बाईच्या आवाजाची तबकडी कोणी काढली नाही. त्यांची गाणी वाचली ती कागदामुळे. मुलगा सोपानदेव आणि घरातील मंडळींनी ती उतरवून घेतली. सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखविली, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात त्यांतली काही गाणी वसंत पवारांच्या संगीतात आली व महाराष्ट्राच्या तोंडी बसली. ते संगीत गोड आहे; परंतु ती संगीतकाराची चाल. जात्याच्या घरघरीवर बहिणाबाई कोठे थांबत, कोणता शब्द ओढून म्हणत, लेवा गणबोलीचा हेल त्यांच्या गळ्यात कसा उतरत असे, हे पुस्तकातून ऐकू येत नाही. त्या काळात उत्तम यंत्रे नव्हती असे नाही. ती असोद्याच्या ओसरीपर्यंत पोहोचली नव्हती.

मुद्रण पुन्हा घरात आणले ते चुंबकीय फितीने. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट काढली, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कॅसेटचे यंत्र आपल्याकडे लग्नाच्या आहेरात द्यावयाची वस्तू झाले. दोन बटणे एकदम दाबली की समोरचा आवाज फितीवर उतरे. हे करावयास कोणा इंजिनियराची गरज नव्हती. भारुडे, कीर्तने, भीमगीते, शाहिरी कवने यांच्या कॅसेटी जत्रेत विकल्या जाऊ लागल्या. ज्या गायकांकडे मोठ्या कंपनीने पाहिलेही नसते, त्यांचे आवाज एस. टी. स्टँडवर वाजू लागले. मात्र साध्या कॅसेटयंत्रात एक अडचण होती. ढोलकी मोठी पडली किंवा गाणारा चुकला, तर सगळे पुन्हा म्हणावे लागे. कारण सर्व आवाज एकत्र मिसळूनच फितीवर पडत.

ही अडचण दूर करण्यासाठी १९७९ साली जपानच्या टीअ‍ॅक कंपनीने टास्कॅम पोर्टास्टुडिओ हे यंत्र काढले. त्यात एकाच कॅसेटवर चार स्वतंत्र पट्ट्या असत. आधी गाणे म्हणावे, मग ते ऐकत ऐकत दुसऱ्या पट्टीवर पेटी, तिसरीवर टाळ, आणि शेवटी चारींचा आवाज कमीजास्त करून मिश्रण करावे. अमेरिकेतील गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने १९८२ च्या आरंभी असल्याच यंत्रावर आपल्या घरात गाणी मुद्रित केली. पुढे ती मोठ्या स्टुडिओत वादकांसह पुन्हा करून पाहिली, पण अखेर घरातलीच मुद्रणे ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध झाली. घरचे काम बाजारात उभे राहू शकते, हे त्याने दाखवून दिले.

यानंतर आवाज आकड्यांत मांडण्याचे युग आले. त्यात दर सेकंदाला आवाजाची उंची ४४,१०० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजणी दोन बाइटमध्ये लिहितात. हे सीडीचे माप. एका पट्टीच्या एका मिनिटाला सुमारे ५३ लाख बाइट लागतात. आठ पट्ट्यांचे चार मिनिटांचे गाणे जवळजवळ १७ कोटी बाइटचे होते. १९९० च्या सुमारास घरगुती संगणकाला हा भार झेपत नव्हता. म्हणून खास यंत्रे निघाली. अ‍ॅलेसिस कंपनीच्या एडॅट यंत्राने व्हिडिओच्या फितीवर आठ पट्ट्या बसविल्या. १९९६ साली रोलंडने व्हीएस-८८० हे हार्ड डिस्कवर मुद्रण करणारे यंत्र आणले. त्याच वर्षी स्टाइनबर्ग कंपनीचे क्यूबेस व्हीएसटी आले आणि मुद्रण, मिश्रण व आवाजावरील संस्कार हे सगळे साध्या संगणकात होऊ लागले. आजचा वाद तेव्हा सुरू झाला.

स्टुडिओच्या कामात संगणक सरस ठरला, आणि त्याची कारणे खरी आहेत. आवाजाचा आलेख पडद्यावर दिसतो. एक खोकला कापून टाकता येतो. चुकलेले पाऊल मागे घेता येते. पट्ट्यांना जवळजवळ मर्यादा नाही. ऑडॅसिटीसारखे सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळते. संगणक घरात असेलच, तर मायक्रोफोन आणि त्याला जोडणारी लहानशी पेटी एवढाच खर्च.

पण संगणक हा शंभर कामांचा गडी आहे, आणि ऐन वेळी तो दुसऱ्याच कामात गुंतलेला सापडतो. गायक तयार बसला असता संगणकाने आपली दुरुस्ती आपणच सुरू करावी, हा अनुभव येथील पुष्कळांना असेल. पंख्याचा आवाज मुद्रणात येतो. आत गेलेला आवाज हिशेब होऊन कानी परत येण्यास क्षणभर उशीर होतो. सेकंदाचा शंभरावा भाग उशीर म्हणजे ढोलकीवाला सुमारे अकरा फूट लांब बसल्यासारखे. इतके चालते, पण उशीर याच्या चार-पाच पट झाला की ताल सुटतो. शिवाय काही सॉफ्टवेअर आता विकत मिळत नाही, भाड्याने मिळते. भाडे थकले की आपणच केलेले काम आपल्याला नीट उघडता येत नाही.

सुटे यंत्र खिशात मावते, सेलवर चालते, वीज गेली तरी थांबत नाही. ३२ गिगाबाइटच्या कार्डात सीडीच्या मापाचे दोन पट्ट्यांचे सुमारे पन्नास तास मावतात. केळीच्या बागेत, सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी-पावरा वस्तीवर, कोठेही ते उघडून एक बटण दाबले की काम सुरू. त्याचे दोष मात्र झाकून ठेवू नयेत. लहान पडद्यावर काटछाट करणे त्रासाचे. आणि काही यंत्रे आवाज आपल्याच खाजगी लिपीत साठवीत, व्हीएस-८८० त्यांपैकीच. यंत्र बिघडले, सुटे भाग मिळेनासे झाले, की डिस्कवरची गाणी हाती असून नसल्यासारखी. तेव्हा यंत्र सुटे आहे एवढ्यानेच माल आपला राहतो, असे समजू नये.

दोहोंचा मेळ कसा घालावा, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गी पोआतवाँ व हेमा राईरकर या दोघांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या जमविण्याचे काम केले. हजाराहून अधिक गावांतून एक लाख दहा हजारांवर ओव्या जमा झाल्या. आवाज गावात, बायांच्या घरी, फितीवर मुद्रित झाला. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संशोधक या कामात आले आणि ओव्यांचा मजकूर, १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण व त्यांची टिपणे संगणकावर लावली गेली. पुढे ‘पारी’ या संकेतस्थळावरून त्या ओव्या सर्वांना ऐकता येऊ लागल्या. ओवी कोणाची व कोणत्या गावची, हे तिच्याबरोबर सांगितलेले असते. सुट्या यंत्राने आवाज त्याच्या जागी जाऊन घेतला. शोधण्याचे, लावण्याचे व वाटण्याचे काम संगणकाने केले.

यावरून आपल्यापुरता निष्कर्ष काढता येतो. जो घरात बसून अनेक वाद्यांचे नवे गाणे रचतो, त्याने संगणक घ्यावा. जो म्हाताऱ्या माणसांकडे, लग्नघरी, शेतात जाऊन गाणे घेणार, त्याने आधी सुटे यंत्र घ्यावे. दोघांनीही मूळ मुद्रण वेव्हसारख्या सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात ठेवावे, त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रत करावी, आणि जुन्या तबकडीप्रमाणे शेवटी गाणाऱ्याकडून नाव, गाव व तारीख वदवून घ्यावी.

आणखी एक गोष्ट संघटनेचा माणूस म्हणून सांगतो. गाणे हे काम आहे. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांचा स्वामित्वधनाचा वाटा पक्का केला आणि गायक-वादकांचेही हक्क मान्य केले. आपल्या ओसरीवर ओवी म्हणणारी आजी त्यासाठी न्यायालयात जाणार नाही. म्हणून मुद्रण करणाऱ्यानेच तिची संमती घ्यावी, पैसे आले तर तिचा वाटा द्यावा, आणि एक प्रत तिच्या घरी पोहोचवावी.

लेवा गणबोलीत, तडवी बोलीत, पावरीत गाणाऱ्या ज्या बाया आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, त्यांची जाती केव्हाच बंद पडली. गाणी अजून आठवणीत आहेत. आपल्या वाचनालयाने वर्गणी काढून एक सुटे यंत्र घ्यावे, ते पुस्तकाप्रमाणे आठ दिवसांच्या बोलीने सभासदांना द्यावे, आणि परत आलेली मुद्रणे वाचनालयाच्या संगणकावर गावाच्या नावानिशी लावावीत, अशी माझी या सभेला विनंती आहे. पुढील वसंतापर्यंत तालुक्यातील वीस गावे झाली, तर तीच मुद्रणे याच व्यासपीठावरून आपणांस ऐकविता येतील.